घराच्या आतील भिंतींचे रंग कसे निवडावेत

शेड कार्ड, म्हणजे रंगाच्या छटांचे नमुनापत्रक, उघडण्यापूर्वी घरातल्या ज्या गोष्टी बदलणार नाहीत, त्या आधी नीट पाहाव्यात. फरशी, दारे-खिडक्यांचे लाकूड, स्वयंपाकघरातील ओटा आणि मोठी कपाटे यांच्याशीच भिंतीला पुढची कित्येक वर्षे नांदायचे असते. पांढराशुभ्र कागद फरशीवर ठेवला, की तिच्यात पिवळट झाक आहे की करडी, हे लगेच कळते. क्रीम रंगाच्या टाइलशेजारी निळसर पांढरी भिंत आली, की टाइल मळकट दिसू लागते. सागवानी चौकटींशेजारी मात्र किंचित पिवळसर किंवा मातकट पांढरा रंग शोभून दिसतो.

त्यानंतर उजेडाचा विचार करावा. उत्तरेकडच्या खोलीत बहुतेक वर्षभर थेट ऊन येत नाही आणि उजेड काहीसा निळसर असतो, म्हणून तिथे बदामी, फिकट पीच अशा उबदार छटा बऱ्या. पश्चिमेच्या खोलीत उतरत्या उन्हाने पिवळा रंग भडक होतो. तिथे फिकट हिरवा किंवा करडा निवडावा. कोल्हापुरातल्या पेठांमध्ये शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांचे माजघर अंधारे असते. अशा खोलीला पांढराशुभ्र रंग द्यावा, असे अनेक जण सुचवतात. मला ते पटत नाही, कारण परावर्तित करायला उजेडच नसेल तर तो पांढरा राखाडी आणि उदास दिसतो. त्यापेक्षा फिकट पण उबदार छटा घ्यावी. रंगाच्या माहितीपत्रकात प्रकाश परावर्तनाचा आकडा दिलेला असल्यास तोही पाहावा: काळ्यासाठी ० आणि पांढऱ्यासाठी १०० अशी ती मोजपट्टी असते.

कार्डावरचा बोटभर तुकडा पाहून निर्णय घेऊ नये. चारही भिंती एकमेकींवर रंग फेकत असल्यामुळे तीच छटा खोलीत अधिक गडद भासते. म्हणून आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकट घेणे बहुधा योग्य ठरते. दोन फूट लांब-रुंद पुठ्ठ्याला प्रायमर लावून त्यावर नमुन्याच्या रंगाचे दोन हात द्यावेत, आणि तो वाळल्यावर खिडकीजवळ, कोपऱ्यात, फरशीला टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून पाहावा. ३००० केल्विनचा पिवळसर दिवा आणि ६५०० केल्विनचा पांढरा दिवा यांखाली एकच करडा रंग दोन वेगळे रंग वाटू शकतो.

रंगांचा मेळ घालताना साधारण ६० टक्के मुख्य रंग, ३० टक्के जोडरंग आणि १० टक्के उठावाचा रंग, हे प्रमाण उपयोगी पडते. यात पडदे आणि फर्निचरही मोजावे. सोप्यातून, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतून, आतली खोली दिसत असेल, तर दोन्हींची झाक एकाच कुळातली असावी.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात भिंतीला ओल येत असेल, तर आधी गळती शोधून ती बंद करावी आणि भिंत पूर्ण वाळू द्यावी. ओल्या भिंतीवर कितीही महागडा रंग दिला तरी पोपडे सुटतात, आणि गडद रंगावर क्षारांचे पांढरे डाग जास्तच उठून दिसतात. जुन्या उंचसखल भिंतींना मॅट फिनिश द्यावे, कारण चकाकीमुळे प्रत्येक उंचवटा दिसतो. स्वयंपाकघरात मात्र हळद-तेलाचे शिंतोडे पुसता येतील असा धुता येणारा रंगच हवा.

एका भिंतीसाठी लागणारे सर्व डबे एकाच बॅचचे घ्यावेत, आणि छटेचा क्रमांक लिहून ठेवावा.