टेक्स्ट एडिटरच्या कमांड ओळीत नावे पूर्ण करण्याची सोय कशी रचावी

टेक्स्ट एडिटर लिहिताना टॅब दाबून नाव पूर्ण करण्याची सोय बहुधा सर्वांत शेवटी जोडली जाते आणि कमांड चालवणे, असलेली फाइल उघडणे व नवी फाइल जतन करणे या तिन्ही कामांना एकच नियम लावला जातो. त्याऐवजी प्रत्येक कमांडने आपल्याला कोणत्या प्रकारचे उत्तर हवे आहे आणि यादीबाहेरचे उत्तर चालेल की नाही, हे आधी सांगावे. ईमॅक्स या एडिटरमधील ‘कम्प्लीटिंग-रीड’ या फंक्शनला नेमके यासाठीच स्वतंत्र आर्ग्युमेंट आहे.

समजा, नागपुरातील एखाद्या कार्यालयात वस्तीनिहाय नोंदींच्या फाइली आहेत आणि त्यांत ‘सदर-बाजार’ ही एक आहे. तेथील कर्मचाऱ्याला ‘सदर’ नावाची नवी फाइल करायची असेल, तर तेवढे लिहून एंटर दाबल्यावर जुनी फाइल उघडता कामा नये. म्हणून टॅबने नाव वाढवावे आणि एंटरने ओळीत दिसते तेच स्वीकारावे. काही एडिटर यादीतील पहिले नाव आपोआप निवडून ठेवतात. ते चटपटीत वाटतात खरे, पण मग लिहिलेले जसेच्या तसे देण्यासाठी वेगळी कळ ठेवावी लागते आणि ती नवख्याच्या सहसा लक्षात येत नाही.

पहिल्या टॅबला सर्व पर्यायांचा समान आरंभ भरावा आणि तो पुढे सरकत नसेल तर यादी दाखवावी. विम या एडिटरमध्ये ‘वाइल्डमोड’ या सेटिंगला ‘लाँगेस्ट, लिस्ट’ हे मूल्य दिले की हेच वर्तन मिळते.

खरी मेख आहे ती देवनागरीतील समान आरंभ काढण्यात. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि त्यांतील पहिले दोन अनेक अक्षरांत सारखेच असतात. ‘सदर’ आणि ‘सक्करदरा’ यांची तुलना बाइटनुसार केली, तर ‘स’नंतर ‘द’ आणि ‘क’ यांचे पहिले दोन बाइटही जुळतात व ओळीत तुटके चिन्ह उमटते. तेव्हा तुलना यूनिकोड चिन्हांनुसार करावी. ‘वर्धा-रोड’ आणि ‘वर्धमाननगर’ यांचा समान आरंभ मग ‘वर्ध’ येतो. इनस्क्रिप्ट ही कीबोर्ड मांडणी वापरणारा पुढे काना सहज देतो, कारण त्याच्या कीबोर्डवर मात्रांच्या कळा वेगळ्या असतात. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या फोनेटिक कीबोर्डवर मात्र आधीच्या अक्षराचा संदर्भ तुटल्यामुळे ‘वर्धआ’ असे उमटू शकते. अशा वेळी एकही नाव जुळले नाही, तर व्यंजनानंतरचा सुटा स्वर मात्रा समजून पुन्हा शोधावे.

याहून फसवे प्रकरण ‘शेतकऱ्यांची-यादी’सारख्या नावाचे. यातील ‘ऱ्य’ कुठे नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने लिहिलेला असतो, तर कुठे साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरे जोडणारे शून्य रुंदीचे चिन्ह) अशा क्रमाने. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एनएफसी हे यूनिकोडचे प्रमाण रूप दिल्यानेही ते एक होत नाहीत. त्यामुळे डोळ्यांसमोर असलेली फाइल सापडत नाही आणि वापरणारा एडिटरला दोष देतो, तेही रास्तच. यावर उपाय म्हणजे प्रत्येक नावासाठी केवळ जुळणीपुरते दुसरे रूप तयार करणे: एनएफसी लावावे, दुसऱ्या प्रकारचा ‘ऱ’ पहिल्या प्रकारात आणावा, उरलेले झेडडब्ल्यूजे गाळावेत आणि ‘प्रभाग-१२’मधील मराठी अंक रोमन लिपीत वापरल्या जाणाऱ्या अंकांसारखेच मानावेत. ओळीत भरताना मात्र फाइलचे मूळ नाव बाइटन्‌बाइट तसेच ठेवावे, नाहीतर ती फाइल उघडणारच नाही.

लांब कमांडसाठी प्रत्येक शब्दाचे आद्याक्षर पुरेसे ठरावे. ईमॅक्समधील ‘पार्शल-कम्प्लिशन’ ही पद्धत ‘क्यू-आर-आर’वरून ‘क्वेरी-रिप्लेस-रेगएक्स्प’पर्यंत पोहोचते. मधली कोणतीही अक्षरे गाळू देणारी सैल जुळणी कमांडसाठी ठीक आहे. फाइल पुसण्याच्या कमांडला ती देऊ नये.

फाइलींची यादी करताना मार्गातील शेवटचा भाग ज्या फोल्डरात आहे तेवढेच वाचावे. नेटवर्कवरील फोल्डर सावकाश उत्तर देत असेल, तर वाचन पार्श्वभूमीवर चालवावे आणि पुढचे अक्षर टाइप होताच जुना शोध रद्द करावा. एस्केप दाबल्यावर यादी मिटून टॅबपूर्वी हाताने लिहिलेला मजकूर कर्सरच्या जागेसह परत यावा. त्यासाठी तो पहिल्या टॅबच्या वेळीच वेगळा जपून ठेवावा लागतो.