सार्वजनिक जमिनीवर श्रमदान करताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी लावलेले एक रोप मरतही नव्हते आणि वाढतही नव्हते, म्हणून आम्ही ते खणून पाहिले. मातीच्या गोळ्याभोवती रोपवाटिकेतली काळी पिशवी जशीच्या तशी होती आणि मुळे तिच्या आतल्या बाजूने गोल गोल फिरून एकमेकांना आवळत बसली होती. लागवडीच्या दिवशी शंभरावर माणसे होती, प्रत्येकाच्या हातात रोप होते. परंतु पिशवी फाडून पूर्ण काढायची असते, हे सांगायला प्रत्येक खड्ड्यापाशी कोणी उभे नव्हते. दहा जणांमागे एक जाणता माणूस नसेल, तर त्या दिवशी रोपे कमी लावावीत, असे माझे ठाम मत आहे.

रोप खुरटले असेल, तर पिशवीखेरीज आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. खोड आणि मूळ जिथे जुळतात ती जागा मातीखाली गाडली गेली असेल, तर खोड कुजू लागते. तेथील माती हाताने हलकेच बाजूला करावी. पालापाचोळ्याचे आच्छादन आळ्यात पसरलेले असावे, खोडाला टेकलेला ढीग नसावा.

लावलेली रोपे मोजणे, जगलेली न मोजणे

2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात कांदळवनाची लागवड झाली. पुढे 23 ठिकाणांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी 9 ठिकाणी एकही रोप जिवंत आढळले नाही. लावणाऱ्यांच्या कळकळीत काही उणे नव्हते. परंतु कांदळवनाला भरती-ओहोटीच्या पाण्याची ठरावीक पातळी लागते आणि चुकीच्या पातळीवर लावलेले रोप कितीही निगा राखली तरी तग धरत नाही. म्हणून लागवडीपूर्वी एकच प्रश्न विचारावा: ही जात येथे आपोआप का उगवत नाही? बी पोचत नसेल तर लागवडीचा उपयोग होतो; पाणी, माती किंवा चराई हे कारण असेल, तर आधी त्यावर उपाय करावा लागतो.

जागा न पारखता लागवड करण्याच्या याच चुकीचे दुसरे रूप म्हणजे गवताळ माळाला ‘पडीक’ समजून त्यावर झाडे लावणे. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची अंडी घालते, आणि तिच्यासारख्या पक्ष्यांना झाडांचा अभाव हाच आसरा असतो. तेथे खड्डे खणणारा स्वयंसेवक नकळत एक नांदते घर मोडत असतो.

सर्वांत वाईट जागेपासून सुरुवात करणे

तण काढायला जमलेला गट स्वाभाविकपणे सर्वांत माजलेल्या झुडपांकडे वळतो, कारण तेथे दिवसअखेर फरक डोळ्यांना दिसतो. सिडनीच्या मोसमन भागात आयलीन आणि जोन ब्रॅडली या दोघी बहिणींनी 1960 च्या दशकात नेमकी उलट रीत घालून दिली. जेथे मूळची झाडोरा-संपत्ती शाबूत आहे तेथून सुरुवात करून हळूहळू बिघडलेल्या भागाकडे सरकायचे, माती शक्य तितकी कमी उकरायची आणि मोकळी झालेली जागा स्थानिक वनस्पतींनी भरून निघेपर्यंत पुढे जायचे नाही. एका दिवसात मोकळी केलेली मोठी जागा म्हणजे तणाच्या बियांसाठी तयार केलेले वाफेच असतात, त्यामुळे त्यांचा हा तिसरा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि उत्साही गटाला पाळायला सर्वांत कठीणही तोच जातो.

घाणेरी (लँटाना नावाचे झुडपी तण) कापूनही दुप्पट जोमाने फुटत असेल, तर ती जमिनीलगत छाटली गेली आहे असे समजावे. फुटवा खोड आणि मूळ जुळतात त्या भागातून येतो, म्हणून कुदळीने माती सारून त्या भागाच्या खाली मुख्य मूळ तोडावे आणि झुडूप मुळे वर करून उलटे ठेवावे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. फळे पिकण्याआधी हे काम उरकावे. पुढील पावसाळ्यांत पक्षी बसतात त्या झाडांखाली नवी रोपे शोधून उपटावी लागतात, कारण घाणेरीचे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून पसरते.

परवानगी आणि नोंद

जमीन सार्वजनिक असली तरी तिची देखरेख कोणत्या तरी खात्याकडे असते. त्या खात्याची लेखी संमती आधी घ्यावी, अन्यथा आपण जपलेले रोप त्यांच्याच आखणीत एखाद्या जाळरेषेवर (वणवा रोखण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावर) येऊन काढले जाण्याची शक्यता राहते. एका जागेवरून दुसरीकडे जाताना बुटांच्या तळव्यांतली आणि अवजारांवरची माती खरवडून टाकावी. तणाचे बी त्यातूनच प्रवास करते.

शेवटी, एक वही ठेवावी. रोपाचा क्रमांक, जात, लावल्याची तारीख, आणि त्यानंतर किमान तीन वर्षे प्रत्येक हंगामात एकाच जागेवरून घेतलेले छायाचित्र. रोप मेले, तर ते कशाने मेले हेही त्याच ओळीत लिहावे: पाण्याअभावी, गुरांच्या तोंडी, वणव्यात, की पिशवीसकट पुरल्यामुळे.