एरर आला तरी कनेक्शन परत गेलंच पाहिजे

आमच्या एका ग्राहकाचं बिलिंग दर महिन्याच्या एक तारखेला दुपारनंतर अडकायचं. सर्व्हर रीस्टार्ट केला की सुरळीत, म्हणून सगळे रीस्टार्टवरच भागवत होते. मी लॉग उलटा वाचत गेले तेव्हा सापडलं: जीएसटी नंबर रिकामा असलेलं बिल आलं की कोड एक्सेप्शन (एरर) फेकायचा, आणि डेटाबेसचं कनेक्शन क्लोज करायची ओळ त्याच्या खाली होती, म्हणून ती चालायचीच नाही. जावात डेटाबेसची कनेक्शन्स उघडून ठेवून पुन्हा पुन्हा वापरायला देणारा हिकारी पूल, काही बदललं नाही तर, 10 कनेक्शन्सचा असतो. अशी दहा बिलं येऊन गेली की अकराव्याला 30 सेकंद ताटकळून टाइमआउट.

क्लोज फायनलीत, म्हणजे एरर आला तरी चालणाऱ्या भागात, हलवलं, तरी कनेक्शन्सची गळती पूर्ण थांबली नाही. तिथे रिझल्टसेट (क्वेरीचा निकाल), स्टेटमेंट (क्वेरी), कनेक्शन असे तीन क्लोज एकाखाली एक होते. पहिल्यातच एरर आला तर खालचे दोन चालतच नाहीत.

म्हणून ट्राय-विथ-रिसोर्सेसच वापरा: ट्रायच्या कंसात उघडलेलं जावा आपोआप बंद करतं. जावा 7 पासून, म्हणजे 2011 पासून, ते हाताशी आहे. शेवटी उघडलेलं आधी बंद होतं, एकाचं क्लोज फसलं तरी बाकीची बंद होतात, आणि मूळ एरर हरवत नाही. क्लोजचा एरर त्याला सप्रेस्ड म्हणून जोडला जातो. मात्र ट्रायच्या कंसात कनेक्शन आणि स्टेटमेंट वेगवेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्या. गेट-कनेक्शनला डॉट देऊन त्याच ओळीत प्रिपेअर-स्टेटमेंट लिहिलंत, तर बंद होतं ते फक्त स्टेटमेंट. रिव्ह्यूत ही चूक माझ्या नजरेतूनही सुटली आहे.

ऑटोकमिट (प्रत्येक बदल लगेच पक्का होणं) बंद असेल तर रोलबॅक, म्हणजे अर्धवट बदल मागे घेणं, स्वतः करा. तो त्याच ट्रायच्या कॅचमध्ये जमत नाही, कारण कॅच चालेपर्यंत कनेक्शन बंद झालेलं असतं. आत दुसरा ट्राय लिहा, त्याच्या कॅचमध्ये रोलबॅक करा आणि एक्सेप्शन पुन्हा वर फेका. गिळू नका.

पायथनवाल्यांनो, पोस्टग्रेस डेटाबेसच्या सायकोपीजी2 लायब्ररीमध्ये कनेक्शनवरचा विथ फक्त कमिट किंवा रोलबॅक करतो. क्लोज तुम्हालाच करायचंय.

आता तपासणी. टेस्टमध्ये पूल 2 चा करा, लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड (इतका वेळ कनेक्शन परत आलं नाही तर हिकारी लॉगमध्ये इशारा देतो) 2000 मिलिसेकंद ठेवा आणि रिकाम्या जीएसटीचं बिल तीनदा पाठवा. तिसऱ्यांदाही जीएसटीचाच एरर लगेच आला तर कोड ठीक आहे. 30 सेकंद थांबून टाइमआउट आला तर गळती अजून आहे. कनेक्शन कोणत्या ओळीवर घेतलं होतं ते लॉगमधल्या स्टॅक ट्रेसमध्ये दिसेल.