कोकणातली पहिली सेमिस्टर: घाटावरनं येणाऱ्या पोरापोरींसाठी

मी लातूरकडचा, समुद्र पहिल्यांदा बघितला तो फिशरीजला ॲडमिशन घेऊन रत्नागिरीत उतरलो तेव्हाच. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासूनचं, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, आणि आपल्या मराठवाडा-विदर्भातनं दरवर्षी पोरं तिकडे येतात. पहिले दोन महिने कुठे काय चुकतंय तेच कळत नाही बऱ्याच जणांना, म्हणून बसून लिहितोय.

सगळ्यात आधी तिथी शिका. खरंच. कॉलेजचं टाइमटेबल भिंतीवर लागतं, समुद्राचं कालनिर्णयात असतं. इथल्या जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती, दुपारी पण आणि पहाटे पण, आणि त्यानंतर सहा तासांनी म्हणजे नऊच्या आसपास सुकती, म्हणजे ओहोटी. शुक्ल पक्ष असो नाहीतर कृष्ण, दोन्हीकडे हाच हिशोब. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो त्यामुळे प्रॅक्टिकलच्या दिवशी छापील भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचंच, पण अंदाज डोक्यात असला की माणूस अडकत नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा भरती मोठी आणि सुकतीला पाणी पार खाली जातं, अष्टमीच्या आसपास भरती-सुकतीच्या पाण्यात फारसा फरक पडत नाही. आता पाऊणपट लावून बघा, पौर्णिमेला भरती सव्वाअकराला येते म्हणजे सुकती पडते पाच-साडेपाचला, पहाटे किंवा संध्याकाळी. म्हणून किनाऱ्यावरच्या कातळावर जीव बघायचे चांगले दिवस नेमके अशा वेळी येतात की तुम्ही झोपलेले असता किंवा मेसच्या चहाला बसलेले. उठा आणि जा, वर्गात स्लाइडवर दहा वेळा बघितलेलं तिथे एकदा बघून डोक्यात राहतं.

कातळावर जाताना सुकतीच्या दीड-दोन तास आधी उतरायचं, पाण्याच्या मागे मागे खाली जायचं आणि पाणी वळलं की निघायचं, अजून पाचच मिनिटं असं करायचं नाही कारण मागची घळ आधी भरते आणि तुमचं लक्ष असतं पुढे. एकट्याने कधीच नाही. एक जण वर कोरड्यात, घड्याळ आणि फोन त्याच्याकडे. पायात चप्पल नको, रबरी तळाचे बंद बूट हवेत, खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि ती जखम पावसात लवकर भरत नाही, गोड्या पाण्याने लगेच धुवा आणि सुजायला लागली तर डॉक्टर, हळद लावून बसू नका. सुंदर नक्षीचा निमुळता शंख दिसला की हात शिवशिवतो पण जिवंत कोन शंख विषारी असतो, हात लावायचा नाही. दगड उलटा करून बघितला तर होता तसाच परत ठेवा, त्याच्या खालच्या बाजूला जे जगतं ते उन्हात तासाभरात मरतं, हे मला मनापासून सांगायचंय, कारण सबमिशनसाठी एका बॅचने फिरून गेलेला कातळ मी बघितलाय.

जून ते ऑगस्ट पाण्यात पोहायला उतरायचं नाही. भाट्याचा किनारा सपाट आणि शांत दिसतो, तरीही नाही.

कपडे वाळत नाहीत, कॉटनच्या जीन्स घरी ठेवा, पातळ सिंथेटिक कपडे आणा. चामड्याच्या बेल्टला, बॅगेला आठवड्यात बुरशी धरते. ओरिजिनल मार्कशीट, टीसी हवाबंद डब्यात.

जेवणात ज्वारीची भाकरी शोधू नका, तांदळाची मिळेल, उकड्या तांदळाची पेज मिळेल, कुळथाची पिठी मिळेल, आणि ही पिठी एकदा सवय झाली की घरी गेल्यावर आठवते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते त्यामुळे तेव्हा ताजा मासा कमी आणि महाग, सुकट नाहीतर खाडीचा मासा खायचा. बंदी उठली आणि समुद्र निवळला की मिरकरवाडा बंदरावर जायला लागा. लिलाव चालू असताना मध्ये उभं राहून फोटो काढत बसू नका, लोकांची घाई असते, बाजूला थांबा आणि गर्दी ओसरली की मावशींना विचारा. “मावशी, हा कोणता मासा?” एवढं विचारलं तरी त्या कर्ली कुठली, पेडवा कुठला, ताजा कल्ल्यावरून कसा ओळखायचा सगळं सांगतात. एक वही फक्त त्यासाठी ठेवा, एका बाजूला इथलं नाव आणि दुसऱ्या बाजूला शास्त्रीय नाव. माझी व्हायव्हा त्या वहीवर निघाली.

आणि गणपतीला पहिल्या वर्षी गावी जाऊ नका. कोल्हापूर-आंबा घाट मार्गे जायचं-यायचं दोन दिवस प्रवासातच जातात, त्यापेक्षा वर्गातला कुणी इथला असेल तर तो बोलावतोच, जा त्याच्या घरी. आरत्यांना उभे राहा, जाखडी नाच बघा, मोदक वळायला बसा. गौरी-गणपतीच्या विसर्जनाला अष्टमी-नवमीच्या सुमारास वाडीबरोबर किनाऱ्यावर जाल तेव्हा पाऊणपट काढून बघा, भरती सहा-पावणेसातच्या दरम्यान येते, पण उधाण नसल्यामुळे पाणी पार वरपर्यंत येत नाही.