हीट गन हातात घेण्याआधी

गाडीच्या रंगावर ओरखडा पडला तर कंपाउंड म्हणजे घासून गुळगुळीत करणारी पेस्ट लावून घासता येतो. रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो, त्यातला किंचितसा थर गेला तरी खालचा रंग शाबूत राहतो. बंपरची खालची कड, चाकांच्या कमानीवरचं क्लॅडिंग, दारांवरच्या पट्ट्या, वायपरखालची जाळी यांच्या काळ्या प्लॅस्टिकवर असा थर नसतो. जे दिसतं ते मूळ प्लॅस्टिकच, आणि त्यावरचे बारीक दाणे साच्यातूनच आलेले. घासून ते सपाट झाले की तिथे गुळगुळीत, चकाकणारा चट्टा पडतो आणि तो ओरखड्यापेक्षा जास्त डोळ्यांत भरतो. म्हणून काळ्या प्लॅस्टिकवरचे ओरखडे काढायच्या तयारीत सामानाची खरेदी नंतर येते. आधी नेमकं काय झालंय ते ओळखायचं.

सुरुवात धुण्यापासून. गाडीचा साधा शॅम्पू, मऊ नायलॉनचा ब्रश आणि दोन बादल्या काढून ठेवा. एका बादलीत साबणाचं पाणी आणि दुसरीत खंगाळायचं पाणी, म्हणजे फडक्यातली वाळू साबणात परत येत नाही. नाहीतर जुने ओरखडे काढता काढता नवे पडायचे. दाण्यांच्या फटींत बसलेली धूळ फडक्याने निघत नाही, त्यासाठी ब्रशच लागतो. धुऊन पूर्ण वाळू द्या आणि टॉर्च घेऊन बसा. टॉर्च समोरून मारायचा नाही, प्लॅस्टिकला जवळजवळ टेकवून बाजूने धरायचा. आडव्या उजेडात उंचवटे आणि खळगे आपापल्या सावलीने उघडे पडतात. त्याच उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण काम अर्ध्यात आलं की ‘हे आधीपासून होतं की आत्ता झालं’ हा वाद स्वतःशीच सुरू होतो.

मग बोट फिरवा. डाग बोटाला उंच लागला तर ते बहुधा तुमचं प्लॅस्टिक नव्हेच. दुसऱ्या गाडीचा रंग, भिंतीचा चुना, खांबावरचा ऑइल पेंट, असं काहीतरी वर चिकटलेलं असतं. ही सगळ्यांत चांगली बातमी. काही दुरुस्त करायचं नाही, फक्त चिकटलेलं सोडवायचं. रेघ पांढरी दिसते पण नख अडकत नाही, तर प्लॅस्टिक दाबलं किंवा ताणलं गेलंय, जागेवरून हललेलं नाही. नख अडकतं आणि कडेला वळ उभा राहिलाय, तर नांगराच्या तासाला माती बाजूला पडावी तसं प्लॅस्टिक सरकलंय, पण आहे तिथेच. आणि नुसता खड्डा आहे, कडेला काहीच नाही, तर तेवढं प्लॅस्टिक रस्त्यावर राहिलं. ते कुठल्याही बाटलीने किंवा उष्णतेने भरून येणार नाही. एकाच ठिकाणी हे चारही प्रकार शेजारी शेजारी असू शकतात, बंपरच्या कोपऱ्यावर तर असतातच. प्रत्येकाशेजारी मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर पेनाने ‘चिकटलेलं’, ‘पांढरी रेघ’, ‘वळ’, ‘खड्डा’ असं लिहिलं की पुढचं काम निम्मं सोपं होतं.

पांढऱ्या रेघेसाठी आणखी एक परीक्षा आहे आणि तिला खर्च शून्य: तिच्यावर पाणी मारा. ओली असताना रेघ नाहीशी झाली आणि वाळल्यावर परत आली, तर दोष फक्त पृष्ठभागाच्या खरखरीतपणाचा आहे. खरखरीत जागेवरून उजेड विखुरतो म्हणून ती फिकी दिसते. पाणी त्या फटी भरतं आणि काळेपणा परत येतो. अशा रेघेला चांगलं ड्रेसिंग (प्लॅस्टिक काळं दिसावं म्हणून चोळायचं द्रव) किंवा ट्रिम कोटिंग (तसाच, पण टिकाऊ थर) पुरतं, हीट गन म्हणजे कडक गरम हवा फेकणारं यंत्र बाहेर काढायची गरजच नाही. ओली असतानाही पांढरी राहिली तर बिघाड थोडा आत आहे. ताण बसल्यामुळे प्लॅस्टिकमध्ये सूक्ष्म पोकळ्या पडलेल्या असतात, आणि तिथे उष्णतेचा उपयोग होतो. जाता जाता सांगतो, बाटल्यांवरच्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंवर माझा फारसा विश्वास नाही. ओल्या प्लॅस्टिकचा फोटो नेहमी छानच येतो.

शक्य असेल तर त्या भागाची मागची बाजू बघा. चाकाच्या कमानीत खाली वाकून किंवा पट्टी किंचित सैल करून आत डोकावलं की साच्यातच उमटवलेली अक्षरं सापडतात. पीपी (PP) आणि ईपीडीएम (EPDM) असं असेल तर ते रबर मिसळलेलं पॉलिप्रॉपिलीन. बंपर आणि क्लॅडिंग बहुतेक वेळा याचंच असतं. पुढे टीडी२० (TD20) असेल तर त्यात २० टक्के टाल्कची पूड आहे. या पुडीमुळे प्लॅस्टिक ताठ राहतं, पण ओरखडा पडला की तो पांढरा उठून दिसण्यातही तिचाच हात असतो. एबीएस (ABS) किंवा एएसए (ASA) या वेगळ्या प्लॅस्टिकचं नाव लिहिलेलं असेल तर सावध. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळतं, एबीएस १०० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं. म्हणजे जी उष्णता क्लॅडिंगला सोसते तिने एबीएसचं आरशाचं आवरण वाकडं होऊ शकतं. अक्षरं सापडलीच नाहीत तर उष्णतेच्या बाबतीत ते एबीएस आहे असंच धरून चालावं.

आता सामान. चिकटलेला रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं पाणी घालून एका स्प्रेच्या बाटलीत भरा आणि बाटलीवर नाव लिहा. जोडीला सौम्य ऑल-पर्पज क्लीनर, जुना टूथब्रश, प्लॅस्टिकचं एखादं जुनं कार्ड आणि चार-पाच मायक्रोफायबर फडकी. आधी नखाने किंवा कार्डाच्या कडेने जेवढं उडतं तेवढं उडवायचं, मग अल्कोहोलने भिजवलेलं फडकं थोडा वेळ दाबून धरायचं, मग टूथब्रश. रंग मऊ पडायला वेळ लागतो आणि घाई झाली की हात आपोआप जोर लावायला लागतो. भिंतीचा चुना असेल तर पाणी घातलेलं व्हिनेगर तो विरघळवतं. नंतर भरपूर पाण्याने धुवा. बॉडीला पॉलिश करताना काळ्या पट्टीवर लागून वाळलेले पांढरे डाग हाही ओरखडा समजून आणला जाणारा नेहमीचा रुग्ण. त्याला क्लीनर आणि ब्रश, आणि नाहीच गेलं तर पेन्सिल खोडायचा मऊ पांढरा रबर. मेलामाइनचा ‘जादूई’ स्पंज जवळ ठेवायला हरकत नाही, पण तो अतिशय बारीक सँडपेपरसारखं काम करतो हे लक्षात ठेवून. चिकटलेल्या रंगावर हलका हात चालेल, दाण्यांवर रगडायचा नाही. रंगावरची चिकट घाण उचलणारा, चिकणमातीसारखा क्ले बारही इथे नको. तो दाण्यांत अडकतो आणि मग तोच खरवडत बसावं लागतं.

हीट गनची तयारी म्हणजे तिच्या आसपासचं सगळं दूर करणं. साध्या हीट गनच्या तोंडाशी हवा ३०० अंशांपासून ६०० अंशांपर्यंत तापते. प्लॅस्टिकला वाचवतो तो फक्त अंतराचा आणि हाताच्या हालचालीचा हिशेब. सर्वांत कमी सेटिंग, १५ सेंटिमीटरपासून सुरुवात, आणि गनचं तोंड एका जागी क्षणभरही थांबवायचं नाही. लांबलचक पट्ट्यांत फिरवत राहायचं, रेघ काळी पडायला लागली की हटायचं. प्लॅस्टिक ओलसर चकाकू लागलं तर दाणे वितळायला लागलेत, आणि तिथून मागे वाट नाही. अल्कोहोल वापरून झाल्यावर प्लॅस्टिक पूर्ण वाळलंय, ती फडकी आणि बाटली लांब नेलीत, याची खात्री केल्याशिवाय गन सुरू करू नका. अल्कोहोलची वाफ ठिणगी किंवा आच मिळाली तर खोलीच्या साध्या तापमानालाही पेट घेते. त्याच कारणाने इंधन भरण्याच्या झाकणाजवळची पट्टी या कामातून वगळा. पार्किंग सेन्सर, दिव्यांच्या काचा, रबरी बीडिंग, स्टिकर, रंगावरची संरक्षक फिल्म यांच्याजवळही नको. शेजारच्या रंगावर मास्किंग टेप हवीच, पण ती उष्णता अडवत नाही. वर ओल्या फडक्याची घडी धरायला दुसरा माणूस असला तर उत्तम. गन बंद केल्यावर तिचं तोंड बराच वेळ तापलेलं राहतं, म्हणून ती उभी ठेवायला विटेसारखी न जळणारी जागा आधीच ठरवा. हेअर ड्रायरने पांढरी रेघ जाईल अशी आशा धरू नका, तेवढी ऊब त्यात नसते.

उन्हाने राखाडी पडलेलं प्लॅस्टिक हीट गनखाली काळंभोर होतं आणि बघणारा खूश होतो. ऊन पृष्ठभागावरचं प्लॅस्टिक तोडत असतं. गन त्या तुटलेल्या थराला तात्पुरतं गुळगुळीत करते, ऊन थांबवत नाही. वर संरक्षण चढवलं नाही तर राखाडी रंग परत येतोच. ओरखड्यासाठी गन ठीक आहे, फिकेपणासाठी मी ती वापरत नाही.

दारांच्या खांबांवरचं चकचकीत काळं प्लॅस्टिक मात्र या सगळ्याला अपवाद आहे. त्यावर दाणे नसतात, त्यामुळे तिथे बारीक पॉलिश आणि मऊ फोमचा पॅड चालतो, उष्णता अजिबात नाही. हे प्लॅस्टिक कोरड्या फडक्यानेही चरे धरतं, म्हणून त्यासाठी स्वच्छ, न वापरलेलं फडकं वेगळं काढून ठेवा. बॉडीच्या रंगात रंगवलेला बंपर हे रंगकाम आहे, त्याची यादी वेगळी.

काही वस्तू आणायच्याच नाहीत. थिनर आणि ॲसिटोन एबीएस विरघळवतात आणि शेजारच्या रंगाला डाग पाडतात. पेट्रोल आणि रॉकेल रबरी भाग फुगवतात, आगीची भीती वेगळीच. बुटांचं पॉलिश पहिल्या पावसात ओघळून रंगावर उतरतं. खाद्यतेलाने दिवसभर काळेपणा येतो आणि मग त्यावर धूळ बसते. जवसाचं उकळलेलं तेल लावणारेही आहेत. ते वाळून कडक होतं हे खरं, पण त्याने भिजलेली फडकी चोळामोळा करून टाकली तर आपोआप तापून पेटू शकतात. वापरणारच असाल तर ती मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

जागा सावलीची हवी आणि प्लॅस्टिक हाताला गार लागायला हवं. तापलेल्या प्लॅस्टिकवर क्लीनर सुकतो आणि ड्रेसिंगचे पट्टे उठतात. ड्रेसिंग आणि कोटिंग यांत काय निवडायचं हे आधी ठरवा, कारण तयारी वेगळी आहे. ड्रेसिंग पावसाने आणि धुण्याने जातं, ते लावणं सोपं आणि चूक पुसता येते. कोटिंग महिनोन्महिने टिकतं, पण प्लॅस्टिकवर जुन्या ड्रेसिंगमधल्या सिलिकॉनचा थोडाही अंश राहिला तर ठिगळासारखं दिसतं. म्हणून त्याआधी अल्कोहोलने पुसणं आणि फटींतलं पाणी पूर्ण सुकू देणं अनिवार्य. नायट्राइलचे हातमोजे घाला, लावण्याचा स्पंज लहान घ्या, जास्तीचं लगेच पुसायला वेगळं फडकं हाताशी ठेवा. बाटलीवर लिहिलेला सुकण्याचा वेळ गाडी बाहेर न काढता देता येईल असाच दिवस निवडा. वायपरखालच्या जाळीवर स्प्रे मारू नका, स्पंजवर घेऊन लावा. काचेवर सिलिकॉन उडालं तर पावसात वायपर नुसतं फासत बसतो. आणि जे काही लावाल ते आधी कमानीच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून वाळू द्या.

उरले वळ आणि खड्डे. वळ असेल तर तो धारदार ब्लेडने पृष्ठभागाला समांतर धरून छाटता येतो, तेवढ्याने निम्मा ओरखडा दिसेनासा होतो. खड्डा भरायचा झाला तर प्लॅस्टिकसाठीचा लवचीक फिलर लागतो, आणि पॉलिप्रॉपिलीनवर तर त्याआधी पकड वाढवणारा ॲडहिजन प्रमोटर. त्या प्लॅस्टिकला रंग किंवा फिलर सहजी धरत नाही आणि प्रमोटर टाळला तर पापुद्रे निघतात. भरलेल्या जागेवर दाण्यांचा आभास देणारा टेक्श्चर स्प्रे मिळतो, पण तो फक्त तेवढ्या ठिकाणी मारला तर वेगळा कळतोच. संपूर्ण पट्टी रंगवायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा, आणि फवारताना द्रावकांची वाफ अडवणारा मास्क घाला. मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत अनेक गाड्यांमध्ये आतून रडार बसवलेलं असतं. तिथे फिलर आणि रंगाचे जादा थर टाळा.

फिलर, प्रमोटर, स्प्रे, मास्क यांची बेरीज करून बघितली की पुष्कळदा नवी पट्टीच परवडते. त्या दिशेने जायचं ठरलं तर जुन्या पट्टीच्या मागे बहुधा छापलेला असणारा पार्ट नंबर लिहून घ्या आणि पट्टीबरोबर तिच्या क्लिपाही मागवा, दोन-चार जास्तीच्या. जुन्या क्लिपा काढताना मोडतात, आणि थंडीत कडक झालेल्या तर हमखास. स्क्रू ड्रायव्हरऐवजी प्लॅस्टिकचा ट्रिम टूल वापरा, नाहीतर पट्टी नवी बसेल आणि शेजारच्या रंगावर चरा पडेल.