भंडारदऱ्याच्या काठावर सहकुटुंब तंबू कसा टाकावा

कॅम्पिंगचं ठरलं की लोक आधी तंबूच्या किमती बघतात. घरच्यांना घेऊन जायचं असेल तर सुरुवात दुसरीकडून करा. बरोबर येणाऱ्यांत सगळ्यात म्हातारं कोण आणि सगळ्यात लहान कोण? आजींना रात्री दोनदा उठावं लागतं आणि चार वर्षांचं पोर पाणी दिसलं की पळत सुटतं. जागा, वेळ, सामान हे सगळं या दोघांवरून ठरवायचं.

नाशिककरांना गंगापूर धरण जवळ, वैतरणाही फार लांब नाही. पण पहिल्या मुक्कामाला मी भंडारदराच सुचवेन. जिल्हा अहिल्यानगर असला तरी नाशिकहून अंतर सुमारे ७० किलोमीटर. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पुरं झालं. काठच्या गावांना पाहुण्यांची सवय आहे. भाकरी आणि संडास दोन्हींची सोय होते, आणि पहिल्या खेपेला तेवढं पुरे.

१. तारीख धरा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत कधीही. पावसाळ्यात लहान मुलांना घेऊन तंबूत राहण्यात काही शौर्य नाही. मेअखेर आणि जूनमध्ये काजव्यांपायी गर्दी लोटते, तेव्हाचे शनिवार-रविवार सोडा. चांदण्या बघायच्या तर अमावस्येजवळचा शनिवार घ्या. आजी पौर्णिमा म्हणाल्या तर मात्र त्यांचं ऐका, रात्री पायाखालचं दिसतं.

२. आधी फोन करा. शेंडी, मुरशेत, रतनवाडी अशा गावांतून तंबूची सोय करणारे आहेत. स्वतःचा तंबू नेणार असाल तरी कुणाच्या तरी अंगणाच्या किंवा शेताच्या कडेला परवानगीनेच टाका. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, तेव्हा मन मानेल तिथे झाडीत घुसायचं नाही. फोनवर दोनच गोष्टी खोदून विचारा: तंबूपासून संडास किती पावलांवर, आणि पाण्याचा काठ किती पावलांवर. पहिलं अंतर कमी हवं, दुसरं जास्त.

३. तंबू घरी उभा करून बघा. गच्चीवर, दिवसाउजेडी. काठी तुटलेली, खुंट्या कमी, चेन अडकते, हे सगळं तिथेच कळू द्या.

४. नाशिक सकाळीच सोडा. मुंबई-आग्रा महामार्गाने घोटी, तिथून बारीवरून शेंडी. भाजी, पिण्याचं पाणी, रोख पैसे यांची सोय घोटीतच उरका. पुढे मोबाइलच्या रेंजवर भिस्त ठेवू नका. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणून तीनपर्यंत मुक्कामावर पोचलंच पाहिजे. अंधारात टॉर्च तोंडात धरून खुंट्या ठोकताना नवरा-बायकोत जे बोलणं होतं, ते मुलांनी ऐकू नये.

५. जागा निवडा. सगळ्यांचा हट्ट असतो, पाण्याला अगदी चिकटून. तो मोडा. धरणाचं पाणी स्थिर नसतं. शेतीसाठी आवर्तन सुटलं की काठ मागे सरतो आणि उघडा गाळ राहतो. वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो, आत पाय गुडघ्यापर्यंत जातो. शिवाय रात्री थंड हवा उतारावरून खाली येऊन काठाशीच साचते. तिथल्या तंबूवर पहाटे दव ठिबकतं, थोड्या चढावरचा त्यामानाने कोरडा राहतो. तेव्हा चढावर, सपाट आणि घट्ट जमीन बघा. डोक्यावर वाळकी फांदी नको. खडे वेचा, प्लास्टिक अंथरा. प्लास्टिकची कडा तंबूबाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर दवाचं पाणी आत येतं. खुंटी तंबूपासून उलट्या बाजूला कलती ठोका. खिडकीची जाळी थोडी उघडी ठेवा. सगळं बंद केलं की आपल्याच श्वासाची वाफ आतून टपकते.

६. अंथरूण जाड करा. निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की इथेही हुडहुडी भरणार हे धरून चाला. थंडी जमिनीतून येते. अंगावर तीन पांघरुणं घेण्यापेक्षा खाली सतरंजी आणि त्यावर जुनी गोधडी जास्त उपयोगी. आजींना तंबूत वाकून शिरणं जमत नसेल तर त्यांच्यासाठी गावातल्या घरी खोली घ्या. त्यांना गप्पांनाही माणसं मिळतात.

थंडी कितीही असो, शेगडी, निखारे किंवा गॅस तंबूत न्यायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

७. पाण्याचा नियम गाडीतच सांगा. पोहायचं नाही, मोठ्यांनीही नाही. तळ कुठे एकदम खोल जातो ते वरून दिसत नाही. नावेत बसायचं तर प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, मुलांच्या मापाचं. नसेल तर नाव रद्द. आणि लहान मुलावर ‘सगळ्यांचं लक्ष’ म्हणजे कुणाचंच नाही. तासातासाला एका मोठ्या माणसाचं नाव घेऊन पाळी लावा.

८. जेवण सोपं ठेवा. रात्रीचं पिठलं-भाकरी, ठेचा गावातच सांगून ठेवा. मुलांसाठी निखाऱ्यात बटाटे आणि रताळी भाजा, त्यात त्यांचा तास छान जातो. चिवड्याचा डबा लागतोच, पण झोपताना तो गाडीत ठेवा, नाहीतर कुत्री आणि उंदीर येतात.

९. रात्र. चपला-बूट तंबूच्या आत. सकाळी झटकूनच घाला, विंचू आत बसतो. बाहेर पडताना टॉर्च आणि बूट दोन्ही. साप चावलाच तर फुंकर, चिरा, आवळपट्टी काही नाही. माणसाला शांत निजवून चावलेला भाग हलू न देता थेट दवाखान्यात न्या. १०८ ला फोन लावा. गाडीचं तोंड रस्त्याकडे आणि किल्ली ठरलेल्या जागी, हे झोपण्याआधीच बघा.

१०. आवराआवर. तंबूला ऊन लागल्याशिवाय घडी घालू नका, ओला गुंडाळला की बुरशी धरते. राखेवर पाणी ओता आणि हात लावून बघा. कचऱ्याची पिशवी नाशिकलाच आणायची. वेळ उरला तर रतनवाडीचं अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर बघा. पण रविवारी दुपारीच परत फिरा, संध्याकाळी महामार्गावर मुलं पेंगतात आणि गाड्या हलत नाहीत.