सोलर कार : चाक हवेत फिरतं, जमिनीवर गाडी हलत नाही

लक्षण असं : भर उन्हात गाडी उचलून धरली की चाकं भन्नाट फिरतात, खाली ठेवली की मोटर नुसती गुणगुणते. ढकललं तर चार हात जाते आणि थांबते.

सोल्डरिंग पुन्हा केलं, आसाला तेल दिलं, मोटर बदलली. फरक शून्य. वैताग आला.

मग अडलेल्या गाडीत मल्टिमीटर लावला. ३ व्होल्टच्या पॅनेलवर जेमतेम अर्धा व्होल्ट! पॅनेल बॅटरीसारखं जादा करंट देत नाही. मोटर अडली की व्होल्टेज कोसळतं, आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) करंटवरच ठरतो. म्हणजे जोर वाढवायचा तो गिअरनेच.

मोटरवर १० दात्यांचा पिनियन (छोटा गिअर), आसावर २० दात्यांचा गिअर होता, म्हणजे २:१. आधी आसावर ५० दात्यांचा गिअर बसवला. ०.५ मॉड्यूलला (मॉड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचं माप) दोन्ही गिअरच्या केंद्रांतलं अंतर ७.५ वरून १५ मिमी होतं, म्हणून मोटरची भोकं लांबट करून ती मागे सरकवली. दात्यांमध्ये कागदाची पट्टी धरून स्क्रू आवळले, मग पट्टी काढली. (गिअरचा बाहेरचा व्यास २६ मिमी, चाक ४० मिमीचं असल्याने तो जमिनीला घासत नाही.)

५:१ ला चाकावरचा टॉर्क घर्षण सोडल्यास अडीचपट. मोटरच्या त्याच फेऱ्यांना चाकाचा वेग मात्र दोन पंचमांश. तरी गाडी स्वतःहून सुटते, आणि धावताना पॅनेलवर २.४ व्होल्ट दिसतात. लख्ख उन्हात ४० दात्यांचा गिअर जास्त पळतो; ढग आले की ५०चाच बरा.